शाळा घरी आणण्याआधी

मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवावं, हा विचार पुण्याच्या वारज्यात आता कुणाला जगावेगळा वाटत नाही. पावणेसातला खाली येऊन हॉर्न वाजवणारी व्हॅन, दर जूनला वाढणारी फी, वर्गात कोंबलेली मुलं, शाळा सुटली की लगेच क्लास. यांतल्या कशानं तरी डोकं उठतं आणि रात्री जेवताना कुणीतरी म्हणतं, "त्यापेक्षा आपणच शिकवू की!" म्हणायला हरकत नाही. पण शाळेवरचा राग दोन-तीन महिन्यांत निवतो. मूल मात्र त्यानंतरही रोज सकाळी समोर येऊन उभं राहणार असतं. ज्यांच्याकडे रागाखेरीज दुसरं कारण नाही, त्यांनी आधी शाळा बदलून बघावी.

राग निवल्यावरही इच्छा उरली, तर पहिला हिशेब पुस्तकांचा नको, माणसांचा करा. दिवसभर घरी कोण? बहुतेक घरांत याचं उत्तर न बोलताच ठरलेलं असतं: आई. बाबा म्हणणार, "तू सुरू कर, मी आहेच." हे "मी आहेच" म्हणजे किती वाजता, ते कागदावर लिहून घ्या. सकाळचा स्वयंपाक कुणाचा, गणित कुणाचं, मूल आजारी पडलं तर रजा कुणाची, आणि आईनं नोकरी सोडली तर तिच्या पगाराएवढी काटकसर घरातलं कोण कोण करणार, हेही लिहा. हिंजवडीची नोकरी घरून करणारा माणूस घरी असतो असं धरून चालू नका. कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये बसलेला बाप मुलाच्या लेखी हिंजवडीतच असतो. हिशेब जुळत नसेल, तर शाळा चालू ठेवून संध्याकाळचे दोन तास आणि रविवार नीट वापरणं यात काही कमीपणा नाही. पुढे जे सांगणार आहे, त्यातलं निम्म्याहून अधिक त्या घरांनाही लागू पडेल.

घरी शिकणं आपल्याकडे जुनंच आहे. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी. रमाबाई रानड्यांना त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यातल्या घरात लिहायला-वाचायला शिकवलं, आणि त्यापायी घरातल्याच बायकांची किती बोलणी खावी लागली, ते रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. घर शिकणाऱ्याशी प्रेमानंच वागतं असं काही नाही. या दोघी घरी शिकल्या, कारण मुलींना शाळेत पाठवण्याची रीत तेव्हा नव्हती. ती पडावी म्हणून याच शहरात त्यांच्याही आधी जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली. जोतीरावांनी १८८२ मध्ये शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. महर्षी कर्व्यांनी १९०० मध्ये आपला विधवांसाठीचा आश्रम हिंगण्याला नेला, म्हणजे वारज्याला लागून असलेल्या आजच्या कर्वेनगरात. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. शाळा नाकारणं आज आपल्याला परवडतं, कारण ती आपल्याला सहज मिळाली. हे ज्या पालकांच्या ध्यानात असतं, ते शाळेत जाणाऱ्या मुलांकडे आणि त्यांच्या शिक्षकांकडे नाक मुरडून बघत नाहीत, आणि त्यांची मुलंही बघत नाहीत.

आता कायदा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या कलम १० नुसार मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. शाहू महाराजांसारखा दंड मात्र या कायद्यात पालकाला ठेवलेला नाही. घरी शिकवायला परवानगी आहे असं त्यात कुठे लिहिलेलं नाही आणि स्पष्ट बंदीही नाही. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना तेवढा घरून शिकण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीनं दिला. बाकीची कुटुंबं या मोकळ्या जागेत उभी आहेत, आणि तिथे अंग चोरून राहण्याचं कारण नाही. शाळाबाह्य मुलांची सर्वेक्षणं होतात. ४ जुलै २०१५ ला तर राज्यभर एकाच दिवशी ती झाली आणि नोंद झालेल्या मुलांच्या बोटाला शाई लावली होती. सर्वेक्षणाला कुणी दारात आले तर दार लावून घेऊ नका, मुलाला आत लपवू नका. मूल काय शिकतं ते सांगा, वह्या दाखवा. मोठ्या माणसांनी खिडकीच्या पडद्याआडून बघत उभं राहणं हाही मुलासाठी एक धडाच होतो.

एक खबरदारी. तुम्ही चार-पाच कुटुंबांनी मिळून फ्लॅट भाड्यानं घेतला, बाई नेमल्या आणि फी गोळा करायला लागलात, तर ती घरशाळा राहत नाही, मान्यता नसलेली शाळा म्हणून तिच्याकडे बोट दाखवता येतं. अशा शाळेला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद याच कायद्यात आहे. मुलं एकमेकांच्या घरी जमवा, आळीपाळीनं शिकवा, पण धंदा करू नका.

कागदपत्रांचा विषय कंटाळवाणा आहे, पण घरशाळेत पश्चात्तापाची पाळी येते ती बहुधा इथेच. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला नुसता शाळेचा नसतो. त्यावर जन्मतारीख असते, जात असते, आणि पुढे जातीच्या दाखल्यापासून पडताळणीपर्यंत तो पुढे करावा लागतो. मूल कधी शाळेत गेलंच नसेल, तर वडिलांचे, आजोबांचे दाखले आताच शोधून एका फायलीत लावा. शाळेतून काढत असाल तर दाखला रीतसर घ्या, "नंतर बघू" म्हणू नका.

परीक्षेसाठी रस्ते आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या पातळ्यांवर मुलांना सामावून घेते. दहावीला चौदा वर्षं पूर्ण लागतात. पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि एकेक विषय करत पाच वर्षांत पुरं करण्याची मुभा. पुण्यात तिचं प्रादेशिक केंद्र आहे. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, मात्र तिथे पुन्हा शाळा सोडल्याचा दाखला विचारतात. फॉर्म भरायच्या मुदती आणि अटी दरवर्षी नव्यानं बघा, मागच्या वर्षीच्या ओळखीच्यांच्या अनुभवावर जाऊ नका.

मुंबईच्या मालविका राज जोशीचं नाव या विषयात हमखास निघतं. सातवीच्या सुमारास तिच्या आईनं तिला शाळेतून काढलं, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिनं तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीनं तिला प्रवेश दिला. बातमी खरी आहे. तिची दुसरी बाजू कमी सांगितली जाते: बारावी नसल्यामुळे आयआयटीचा रस्ता तिला बंद होता. आपलं मूल मालविका होईल असं धरून आखणी करणाऱ्यांपेक्षा, ते साधं, हसतंखेळतं, दहावी-बारावीचा कागद हातात असलेलं मूल होईल असं धरून आखणी करणाऱ्यांवर माझा जास्त भरवसा आहे.

दिवसाचं वेळापत्रक कसं असावं, हा प्रश्न नव्या पालकांना फार छळतो. पहिल्या आठवड्यात हॉलमध्ये फळा लागतो, आठ ते साडेआठ मराठी, साडेआठ ते नऊ गणित असा तक्ता होतो, आणि दिवाळीआधी फळ्यावर किराणा मालाची यादी दिसायला लागते. तेच बरं. एकट्या मुलाला शाळेसारखं सहा तास शिकवायची गरज नसते. प्राथमिकच्या वयात रोजचे दोन-अडीच तास लक्ष देऊन बसलं तर अभ्यास होतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट आहेत, ती आधाराला ठेवा. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंकही वाचायला मोकळे आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण घरशाळा हळूहळू व्हिडिओंवर जाते, व्हिडिओ इंग्रजीत असतात, आणि दोन वर्षांनी लक्षात येतं की मुलाला मराठीत पत्ता लिहिता येत नाही.

उरलेला वेळ घराला द्या. घरातले कागद हीच उत्तम गणितं आहेत. दुधाचे खाडे कालनिर्णयवर मुलानं लिहायचे आणि महिनाअखेर हिशेब त्यानंच मांडायचा. सिलिंडर लावल्याची तारीख टाकायची, आत १४.२ किलो गॅस असतो, किती दिवस पुरला, दिवसाला किती पडला. महावितरणचं बिल घ्या. पहिल्या १०० युनिटना एक दर, त्यापुढच्या ३०० पर्यंतच्या युनिटना चढा दर. शंभराच्या वर गेलं की सगळंच बिल चढ्या दरानं लागतं, असं कित्येक मोठ्यांना वाटतं. दहा वर्षांचं मूल १३० युनिटचं बिल मांडून बसलं, की चढा दर फक्त वरच्या तीसला आहे हे ते स्वतः शोधून काढतं आणि मग आजोबांना समजावत फिरतं.

पाण्याचा टँकर त्याहून सरस. खडकवासला एवढं जवळ असूनही उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांना तो मागवावा लागतोच. दहा हजार लिटरचा टँकर, चाळीस फ्लॅट: प्रत्येकी अडीचशे लिटर. इथपर्यंत भागाकार. मग विचारा, तिसऱ्या मजल्यावर दोनच माणसं आहेत आणि पाचव्यावर सात, तर अडीचशे हे बरोबर का? पैसे सगळे सारखेच भरतात, मग पाणी माणशी का द्यायचं? आणि खाली वॉचमनकाका कुटुंबासह राहतात, ते चाळिसात धरले का? उत्तर सांगायची घाई करू नका. मूल दोन दिवस विचार करेल, मधेच अंघोळीला बादली भरताना थांबेल. चारित्र्य घडवण्याचा वेगळा तास घ्यावा लागत नाही, तो असा भागाकाराच्या पोटातून निघतो.

घरशाळेतली खरी अडचण इथे सुरू होते. शाळेत जाणारं मूल आई-वडिलांना दिवसातून चार-पाच तास बघतं. घरी शिकणारं मूल सगळा दिवस बघतं. अभ्यासक्रम तुम्ही निवडता, पण ते शिकतं तुमच्याकडे बघून. फोन वाजतो आणि आतून आवाज येतो, "बाबा बाहेर गेलेत म्हणून सांग." एसटीत अर्धं तिकीट बाराव्या वर्षापर्यंत असतं, तेव्हा तेराव्या वर्षात गेलेल्याला कंडक्टरसमोर बाराचा व्हायला सांगितलं जातं. उड्डाणपुलाखालून वळसा नको म्हणून सर्व्हिस रोडवर उलट्या बाजूनं स्कूटर घातली जाते, आणि पुढे उभं असलेलं मूल समोरून येणाऱ्यांच्या शिव्या ऐकत असतं. संध्याकाळी शुभंकरोती म्हणून घ्या, मनाचे श्लोक पाठ करून घ्या. जीभ वळते, भाषा अंगी लागते, मी त्याच्या विरोधात नाही. पण सकाळच्या स्कूटरला ते उत्तर नव्हे.

एक गोष्ट जवळून बघा: कामाला येणाऱ्या मावशींचा कप. पुष्कळ घरांत तो वेगळा असतो, कधी कोपऱ्यातल्या फळीवर, कधी खिडकीत. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. मूल मात्र दिवसभर घरी असतं, तेव्हा ते केव्हातरी विचारणारच, "मावशींना आपल्यातला कप का नाही?" तुमच्या घरात तो वेगळा असेल तर समतेवरचा निबंध लिहून घेण्याआधी कप बदला. प्रश्न विचारायच्या आत बदललात तर आणखी चांगलं.

मुलाला घरातलं काम द्यायचं तर खरंखुरं द्या. "आईला मदत कर" हे काम नव्हे, कारण ते झालं नाही तरी कुणाचं अडत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला विरजण लावायचं काम देऊन बघा. दूध कोमट झालं का ते बोट बुडवून बघायचं, चमचाभर जुनं दही घालून ढवळायचं, झाकून ठेवायचं. डिसेंबरात पुण्याच्या थंडीत ते नीट लागत नाही, म्हणून भांडं कापडात गुंडाळून उबेला ठेवायचं, आणि जिवाणूंना ऊब का लागते ते तिथेच ओट्यापाशी समजून घ्यायचं. एखाद्या रात्री ते विसरेल. मग दुसऱ्या दिवशी घरात दही नसेल. त्या दिवशी मधल्या मध्ये पिशवीतलं दही विकत आणू नका आणि रागावूही नका. आजीला दह्याशिवाय भात जात नाही, तर आजी ताटात ज्या नजरेनं बघेल तेवढं पुरेसं आहे. पुढच्या रात्री ते आठवण करून न देता उठतं की नाही, ते बघा.

हात उगारण्याबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. शाळेत शिक्षकानं मारलं किंवा मुलाचा मानसिक छळ केला, तर शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ आडवं येतं. घरात शिकवणारेही तुम्हीच, मुख्याध्यापकही तुम्हीच, आणि तक्रार ऐकणारेही तुम्हीच. गणित येत नाही म्हणून मूल रडत बसलंय आणि तुमचा आवाज चढलाय, अशी वेळ प्रत्येक घरात येते. तेव्हा वही मिटायची आणि तो विषय दुसऱ्या दिवसावर किंवा दुसऱ्या माणसावर सोपवायचा, हा नियम आधीच ठरवून ठेवा. आवाज चढलाच, तर नंतर मुलाला "माझं चुकलं" म्हणा. पुढे "पण तूसुद्धा…" जोडू नका.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली. संस्कारांचा विषय निघाला की हे पुस्तक भेट दिलं जातं, आणि मुलांच्या डोळ्यांत पाणी आलं की पालकांना समाधान वाटतं. पुन्हा वाचाल तेव्हा त्यातली आई काय करते आहे तिकडे लक्ष द्या. कामाचा धबडगा, गरिबी, आजारपण यांतच तिचं मुलाशी बोलणं चाललेलं असतं. पुस्तक वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरं घेऊ नका.

सोबतीचा प्रश्न मात्र घराला एकट्यानं सुटत नाही. दुपारी चारपर्यंत सोसायटी ओस असते आणि घरी शिकणारं मूल बाल्कनीच्या गजांपाशी व्हॅनची वाट बघत उभं राहतं. त्यावर उपाय बाहेर पडणं हाच. वारज्याचं शहरी जंगल हाताशी आहे: वन विभागाच्या सुमारे चाळीस एकर जागेवर २०१५ पासून लोकसहभागातून झाडी वाढवली गेली, आणि ५ जून २०२० ला केंद्र सरकारनं नगरवन योजना जाहीर केली तेव्हा नमुना म्हणून हेच दाखवलं. दर आठवड्याला एकाच झाडापाशी जायचं आणि तारीख घालून त्याचं चित्र काढायचं, इतकंच वर्षभर केलं तरी निरीक्षण म्हणजे काय ते कळतं. विज्ञानासाठी आयुकातली मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. वाचनासाठी 'पालकनीती' मासिक घ्या, ते १९८७ पासून पुण्यातून निघतं. घरशाळेच्या पालकांचं 'स्वशिक्षण' नावाचं जाळं आहे, तिथे आपल्यासारखेच गोंधळलेले लोक भेटतात आणि धीर येतो.

तेवढ्यावर थांबू नका. घरशाळेचे पालक बहुतेक एकाच थरातले असतात, तेव्हा मुलांची मैत्रीही तिथेच फिरत राहते. पोहायला, मल्लखांबाला, कबड्डीला, जिथे कुणीही येतं अशा ठिकाणी मूल रोज गेलं पाहिजे. पीएमपीच्या बसनं गेलं पाहिजे. वॉचमनकाकांच्या मुलाला 'शिकवायला' म्हणून पाठवू नका, खेळायला पाठवा. हरून आलं तर उत्तमच.

दर वर्षी एप्रिलमध्ये मुलाला विचारा, पुढच्या वर्षी काय करायचं. "मला शाळेत जायचंय" असं उत्तर आलं तर चेहरा पाडू नका. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ४ नुसार शाळेत नसलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि वर्गाच्या बरोबरीनं येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही त्याला आहे. पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत हे सांगणं सोपं जातं. खासगी शाळा जागा आहे का ते आधी बघते, म्हणून तिथे जूनची वाट न बघता चौकशी करा. जन्मदाखला, आधार, पूर्वीच्या शाळेचा दाखला आणि तारखा घातलेल्या वर्षभराच्या वह्या सोबत न्या. मुख्याध्यापकांशी बोलायला मुलालाच पुढे बसवा, आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याच्या वतीनं तुम्ही देऊ नका.